न दाखविलेले जग

दक्षिण कोकणात किंवा गोव्यात देवळाच्या अंगणात रात्रभर चालणारा दशावताराचा प्रयोग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्या रंगभूमीवरचे एकुलते एक बाकडे आठवत असेल. राजा त्यावर बसला की ते सिंहासन होते. एखाद्या पात्राने त्यावर चढून दूरवर नजर टाकली की तोच पर्वत होतो. अरण्याचा रंगविलेला देखावा तेथे नसतो. तरीही पहाटेपर्यंत बसून राहिलेल्या प्रेक्षकाला अरण्य दिसलेले असते. संगीत नाटकाच्या वैभवाच्या काळात रीत याच्या अगदी उलट होती. भरजरी वस्त्रे, रंगविलेले पडदे, महाल आणि उद्याने यांवर नाटकमंडळ्या पाण्यासारखा पैसा खर्च करीत. दोन्ही रीतींचा हेतू एकच, प्रेक्षकाला त्याच्या नित्याच्या जगातून उचलून दुसऱ्या जगात नेऊन बसविणे. फरक इतकाच की, एका रीतीत पुष्कळसे काम प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपविलेले असते आणि दुसरीत ते रंगभूमी स्वतःच उरकते.

वातावरण दाखविल्याने निर्माण होते की काही राखून ठेवल्याने, हा प्रश्न असा जुनाच आहे. आज तो एका नव्या क्षेत्रात विचारला जात आहे. ते क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेमचे. या खेळांविषयी वडील मंडळींचे मत बहुधा दुरूनच बनलेले असते. पडद्यावरची धावपळ, गोळीबाराचा आवाज आणि वाढत जाणारे गुण एवढेच त्यांच्या दृष्टीस पडते. परंतु चांगला खेळ खेळून उठलेल्या मुलाला त्याविषयी विचारले तर पुष्कळदा तो गुणांविषयी बोलत नाही. तो एखाद्या जागेविषयी बोलतो. तेथे पाऊस कसा पडत होता, पुलाखाली काय होते, कोठे भीती वाटली, हे तो सांगतो. म्हणजे त्याच्या लेखी तो कोठेतरी जाऊन आलेला असतो. हे ‘जाऊन येणे’ कसे घडवून आणले जाते, हा विषय विचार करण्याजोगा आहे.

कादंबरीतील वाड्याच्या दाराशी वाचक उभा राहतो, पण दार उघडावयाचे की नाही हे लेखक ठरवितो. खेळात ते दार खेळणाऱ्याच्या हाती असते. तो दार ढकलील, खिडकीतून डोकावेल, किंवा सांगितलेली वाट सोडून भलतीकडेच जाईल. म्हणून येथील वातावरण नुसते सुंदर असून भागत नाही. खेळणाऱ्याने काही केले असता त्या जगाने त्याला उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर त्या जगाच्या स्वभावाला धरून असावे लागते.

या कलेचा एक आरंभ अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या एका गुहेत झाला. तेथील मॅमथ केव्ह ही जगातील आजवर ज्ञात असलेल्या गुहांमध्ये सर्वांत लांब आहे. तिच्या मोजलेल्या वाटांची लांबी ६५० किलोमीटरांहून अधिक भरते. विल्यम क्राउदर हा संगणकाचा कार्यक्रम लिहिणारा तज्ज्ञ या गुहांमध्ये हिंडणारा हौशी संशोधक होता. त्याची पत्नी पॅट्रिशिया ही त्याच्याहूनही नामांकित. सप्टेंबर १९७२ मध्ये ज्या तुकडीने शेजारच्या फ्लिंट रिज गुहेतून मॅमथ केव्हपर्यंतचा मार्ग शोधून काढला, त्या तुकडीत ती होती. पुढे दोघे विभक्त झाली. मुलींपासून दुरावल्याची खंत क्राउदरच्या मनात होती. त्याने १९७५-७६ च्या सुमारास त्यांच्यासाठी संगणकावर एक खेळ रचला आणि त्यात आपल्या ओळखीच्या गुहेच्या वाटा घातल्या. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स याने त्याचा विस्तार केला. ‘ॲडव्हेंचर’ या नावाने तो खेळ प्रसिद्धीस आला.

त्या खेळात एकही चित्र नव्हते. पडद्यावर दोन-चार वाक्ये उमटत. आपण कोठे उभे आहोत आणि वाटा कोणत्या दिशेने फुटतात, एवढेच ती सांगत. खेळणारा एक-दोन साधे शब्द टंकून उत्तर देई: उत्तरेकडे जा, दिवा घे. दिवा विझला असता पुढे पाऊल टाकले तर खड्ड्यात पडण्याचा धोका असे. एके ठिकाणी तर एकसारख्या दिसणाऱ्या दालनांचा चक्रव्यूह होता. प्रत्येक दालनाचे वर्णन अक्षरशः तेच. तेव्हा खेळणाऱ्यांनीच युक्ती काढली: या दालनात काठी टाकावयाची, त्या दालनात पिंजरा ठेवावयाचा, आणि कागदावर नकाशा काढीत जावयाचे. अंधार पडद्यावर नव्हता, तो खेळणाऱ्याच्या मनात होता. परंतु नकाशा खरा होता. हा खेळ खेळलेल्या एका बाईला पुढे प्रत्यक्ष गुहेत प्रथमच उतरल्यावर तेथील वाटा ओळखीच्या वाटल्या, अशी एक आठवण तिच्याबरोबर असलेल्या संशोधकाने सांगून ठेवली आहे. वातावरण थोडक्यात उभे राहू शकते, मात्र त्या थोडक्यामागे रचनाकाराला ते जग पुरतेपणी ठाऊक असावे लागते, हे यावरून दिसून येते.

पुढे संगणक चित्रे दाखवू लागला आणि मोह वाढला. तथापि याही काळातील लक्षात राहिलेली जगे पुष्कळदा उणिवेतूनच घडली आहेत. १९९३ मध्ये रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकन बंधूंनी ‘मिस्ट’ नावाचा खेळ काढला. त्या वेळच्या सीडीवरून माहिती फार सावकाश वाचली जाई. हलती दृश्ये सतत दाखविणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी जवळजवळ संपूर्ण जग स्थिर चित्रांतून उभे केले. खेळणारा एका निर्जन बेटावर येऊन पडतो. काय करावयाचे ते कोणी सांगत नाही. शत्रू नाही, घड्याळ नाही, मृत्यूही जवळपास नाही. ऐकू येते ती लाटांची गाज, वारा आणि कोठेतरी चाललेल्या यंत्राची घरघर. या आवाजांचा उपयोग केवळ शोभेसाठी नव्हता. एका जगातील भुयारात रुळांवरून चालणारे वाहन आहे. ते प्रत्येक फाट्यावर थांबते, तेव्हा एक विशिष्ट ध्वनी होतो. आणि तो ध्वनी कोणती दिशा दाखवितो हे, दुसऱ्या एका जगातील यंत्राचे आवाज ज्याने लक्ष देऊन ऐकले असतील, त्यालाच कळते. जो नुसते पाहत गेला तो अडकतो, जो ऐकत आला तो सुटतो.

ध्वनीचे हे सामर्थ्य श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावयास नको. रेडिओवरील श्रुतिकेत दाराची करकर आणि पावलांचा आवाज एवढ्यावरच रात्रीचा वाडा उभा राहतो. जपानमधील कोनामी कंपनीने १९९९ मध्ये काढलेल्या ‘सायलेंट हिल’ या भयकथेच्या खेळात तर चक्क एक लहानसा रेडिओच ठेवला आहे. हरवलेल्या मुलीला शोधीत एक बाप ओसाड गावात येतो. त्याच्या खिशातील रेडिओवर कार्यक्रम लागत नाहीत. पण एखादा हिंस्र जीव जवळ आला की त्यातून खरखर सुरू होते. जीव दिसत नाही, दिशा कळत नाही, फक्त खरखर वाढत जाते. भीतीचे खरे काम तेथेच होऊन जाते. पुढे तो जीव दिसला तर उलट थोडे हायसेच वाटते.

त्या गावावर सतत दाट धुके असते. या धुक्याची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. ज्या प्लेस्टेशन यंत्रासाठी हा खेळ रचला, त्याच्या अंगी दूरवरचे रस्ते आणि घरे एकाच वेळी रेखाटण्याची शक्ती नव्हती. ही दुबळी बाजू झाकण्याकरिता गाव धुक्यात आणि काळोखात बुडविण्यात आले. झाकण म्हणून आणलेली ती वस्तू अखेर त्या गावाचा प्राण ठरली. २००१ मध्ये दुसरा भाग निघाला तेव्हा यंत्र पुष्कळ समर्थ झाले होते, तरी धुके ठेवले गेले. २०१२ मध्ये जुन्या भागांची नवी, स्वच्छ चित्रांची आवृत्ती निघाली. तीत काही ठिकाणी धुके विरळ झाले आणि पूर्वी कधीच न दिसलेल्या, अर्धवट सोडलेल्या जमिनीच्या कडा उघड्या पडल्या. रसिकांनी त्याबद्दल जोराची तक्रार केली. चित्र अधिक स्पष्ट झाले होते. गाव मात्र नाहीसे झाले होते.

येथपर्यंतची उदाहरणे परिस्थितीने लादलेल्या संयमाची झाली. हा संयम जाणूनबुजून पत्करणारा रचनाकार म्हणजे जपानचा फुमितो उएदा. त्याचे शिक्षण चित्रकलेचे. आपल्या पद्धतीचे वर्णन तो वजाबाकीची रचना असे करतो. जे मूळ कल्पनेला आवश्यक नाही ते एकामागून एक काढून टाकावयाचे. २००१ मधील त्याच्या ‘इको’ या खेळात डोक्यावर शिंगे असलेला एक मुलगा मोठ्या किल्ल्यात कोंडला गेलेला आहे. तेथे त्याला योर्दा नावाची एक मुलगी भेटते. दोघांची भाषा वेगळी. तिचे शब्द पडद्यावर अनोळखी चिन्हांत उमटतात, म्हणून तिचे म्हणणे खेळणाऱ्यालाही कळत नाही. गुण, आयुष्य, शस्त्रांची यादी यांपैकी काही पडद्याच्या कोपऱ्यात दिसत नाही. एक कळ दाबून धरली की मुलगा तिचा हात धरतो. कळ सोडली की हात सुटतो. तिला ओढीत नेताना खेळणाऱ्याच्या हातातील यंत्राला बारीक कंप सुटतो. ती मागे राहिली तर सावल्यांसारखे जीव तिला ओढून नेऊ पाहतात. संवाद कळत नसताना, कथा फारशी सांगितली जात नसताना, केवळ बोटाच्या दाबातून जबाबदारीची जाणीव येथे उत्पन्न केली आहे. खेळ थांबवावयाचा तो दगडी बाकावर दोघांना शेजारी बसवून.

त्याचाच २००५ मधील ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा खेळ याहून एक पाऊल पुढे जातो. अफाट, निर्मनुष्य प्रदेश आणि त्यात फक्त सोळा महाकाय प्राणी. मृत मुलीला पुन्हा जिवंत करण्याच्या आशेने एक तरुण त्यांचा वध करावयास निघाला आहे. मध्ये गाव नाही, किरकोळ शत्रू नाही. तलवार उन्हात धरली की तिचा प्रकाश दिशा दाखवितो आणि मग घोड्यावरून लांबचा प्रवास. त्या प्रवासात संगीत जवळजवळ नाहीच. वारा आणि टापांचा आवाज तेवढा असतो. घोडासुद्धा दरवेळी लगाम ऐकतोच असे नाही, तो आपल्या मर्जीने वळतो. ही मोकळी वाट निरर्थक नाही. एका प्राण्याला पाडल्यानंतर दुसऱ्याकडे जाताना मधल्या शांततेत खेळणाऱ्याच्या मनात शंका येऊ लागते. या प्राण्यांनी आपले काय केले होते? हा प्रश्न खेळ कधीच विचारीत नाही. विचारावयास लागणारी जागा मात्र त्याने सोडून ठेवलेली असते.

मोठे जग रचावयाचे तर ही शिस्त टिकेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अलीकडील अनेक खेळांत मैलोगणती प्रदेश असतो, पण तो खुणांनी इतका गजबजलेला असतो की, खेळणारा प्रदेशाकडे पाहतच नाही. तो नकाशावरील बाणामागून चालतो. २०१७ मध्ये निन्टेंडो कंपनीने काढलेल्या झेल्डा मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या खेळाने या अडचणीवर निराळा उपाय शोधला. त्याच्या रचनाकारांनी प्रथम आपल्या ओळखीच्या क्योतो शहराचा नकाशा खेळाच्या भूमीवर ठेवून अंतरांचा अंदाज घेतला. मग टेकड्या, डोंगर, मोठे दगड यांना त्रिकोणी आकार दिला. त्रिकोणाच्या मागचे दिसत नाही; म्हणून चढून जावे की वळसा घालावा हे चालणाऱ्याने ठरवावयाचे, आणि माथ्यावर पोचताच पलीकडचे काहीतरी नवे दृष्टीस पडावयाचे. आपल्याकडील घाटरस्त्याने प्रवास करणाऱ्याला वळणामागच्या दरीचे जे औत्सुक्य वाटते, तेच हे.

याला नियमांची जोड दिलेली आहे. त्या जगात विस्तव गवताला लागतो, वणव्याने वर जाणारा वारा निर्माण होतो, पाऊस आग विझवितो, वादळात धातूचे शस्त्र अंगावर असेल तर वीज पडते. हे एका ठिकाणी खरे आणि दुसऱ्या ठिकाणी खोटे असे होत नाही. म्हणून खेळणारा त्या जगावर विश्वास ठेवू लागतो. धुके, शांतता, रिकामी वाट यांना अर्थ येतो तो या विश्वासामुळे. जग जर वाटेल तेव्हा आपला शब्द फिरवू लागले, तर न दाखविलेल्या गोष्टीविषयी कुतूहल उरत नाही. तेथे काही नसेलच असे वाटू लागते.

या कलेत भारतीय हातही आता उतरले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या लहान भावाच्या शोधात एक डोंबारीण मुलगी निघते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून उलगडत जाते. राजस्थानी वास्तुकला आणि पहाडी चित्रशैली यांचा त्यात अभ्यासपूर्वक उपयोग केलेला आहे. कथेचा काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितला आहे. दिव्यासमोर चामड्याची बाहुली धरून तिच्या सावलीतून कथा सांगण्याची विद्या कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी आजही जपली आहे. सावलीला नाक-डोळे पुरते नसतात, तरी ती राम म्हणून ओळखू येते. त्या जुन्या विद्येचे तत्त्व नव्या पडद्यावर उपयोगी पडावे, यात आश्चर्य नाही.

या गुणगौरवाबरोबर एक गंभीर गोष्ट सांगणे अवश्य आहे. माणसाला दुसऱ्या जगात नेण्याची विद्या त्याला तेथे अडकवूनही ठेवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या अनावर आसक्तीचा विकार म्हणून समावेश केला आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अधिक महत्त्व येणे, आणि हानी दिसत असूनही ते चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. आणि ती साधारणपणे वर्षभर टिकून असली पाहिजेत. म्हणजे रविवारी दोन तास खेळणारे मूल रोगी ठरत नाही. तसेच, रात्री-बेरात्री पडद्यासमोर बसणाऱ्या मुलाकडे ‘आजकालची मुले अशीच’ म्हणून दुर्लक्ष करणेही बरे नव्हे.

परंतु सगळे खेळ एका मापाने मोजणे हा अन्याय आहे. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चुकली तर तोटा, दर चार पावलांवर खणखणाट आणि नाणी, अशी ज्यांची बांधणी असते, त्या खेळांत एक क्षणही रिकामा ठेवलेला नसतो. रिकामा क्षण मिळाला तर खेळणारा उठून जाईल, अशी त्यांना धास्ती असते. वर सांगितलेल्या खेळांची रीत याच्या उलट आहे. त्यांना शेवट आहे. त्यांत थांबावयास जागा आहे. ते खेळणाऱ्याच्या कल्पनेला राबवितात, तिला झोपवीत नाहीत. एका प्रकारात माणूस गुंतून पडतो, दुसऱ्यात तो गुंग होतो. आणि गुंग झालेला माणूस भानावर येतो तेव्हा बरोबर काहीतरी घेऊन येतो.

हा फरक घरातील वडील माणसांना ओळखता यावा, याची आज फार गरज आहे. त्यासाठी स्वतः खेळात प्रवीण होण्याचे कारण नाही. मुलाच्या शेजारी अर्धा तास बसून दोन-तीन साध्या गोष्टी विचारल्या तरी पुरे: ही जागा कोणती, येथे कोण राहत होते, तो आवाज कशाचा, आणि हा खेळ संपतो केव्हा? ज्या खेळाच्या बाबतीत मुलाला या प्रश्नांची उत्तरे उत्साहाने देता येतात, त्यात पाहण्याचे, ऐकण्याचे व अनुमान करण्याचे शिक्षण घडत असते. ज्याच्या बाबतीत ‘आणखी थोडे गुण मिळवावयाचे आहेत’ याखेरीज त्याला काही सांगता येत नाही, तेथे सावध झाले पाहिजे. आणि हे विचारणे दरडावून नव्हे, तर आपल्याला ते जग खरोखरच पाहावयाचे आहे अशा रीतीने व्हावे. दुरावलेल्या मुलींसाठी एका बापाने अंधारी गुहा शब्दांत उतरविली, तेथून ही कला सुरू झाली. मुलाबरोबर त्या गुहेत चार पावले टाकावयास वडिलांनी कचरू नये.